खारपाणपट्ट्यातला शार्क

वाचनालयातलं पुस्तक हरवतं, किस्सा मात्र कधीच हरवत नाही! उलट पुस्तकं झिजत जातात आणि किस्से वाढत जातात. दर्यापूर आणि अकोल्याच्या मधल्या आमच्या गावात मी ग्रंथपाल होते, तेव्हाचे हे.

आमच्याकडं एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी एक कोरा कागद चिकटवायची. वाचणाऱ्यानं त्यावर अभिप्राय लिहायचा, मगच पुढचं पुस्तक. नाहीतर लोक टेबलापाशी उभे राहून अख्खी गोष्ट मलाच सांगत बसायचे!

त्या वर्षांत एक थ्रिलर मालिका आली. चार भाग. लाखो वर्षांपूर्वीचा राक्षसी शार्क समुद्राच्या तळाशी जिवंत राहिलेला असतो आणि एक दिवस वर येतो. दिवस वाईट होते. कापसाला भाव नाही, पाऊस लहरी. सकाळी पेपर उघडायचीसुद्धा भीती वाटायची, न जाणो ओळखीचं नाव निघायचं. आणि दुपारी तीच माणसं येऊन शार्क मागायची! निदान या संकटाचे दात तरी दिसतात, असं मला वाटायचं. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

*

पहिला वाचक नामदेवराव. पिठाची गिरणी त्यांची, गळ्यात तुळशीची माळ. पहिला भाग सकाळी नेला आणि जेवायच्या आत परत! पानापानांवर पीठ.

"एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"ताई, मी माळकरी मानूस. मासा अन् रगत जिथं जिथं आलं, ते पानं सोडून देल्ले."

"मग उरलं काय?"

"एक लगन अन् दोन चहा!"

*

शकीला मॅडम उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका. मराठी झरझर वाचायच्या, तेही हातात लाल पेन धरून. त्यांनी अभिप्राय लिहिलाच नाही, मार्क दिले! शार्कला दहापैकी आठ. शास्त्रज्ञ हिरोला दहापैकी दोन. खाली शेरा: "मासा आपल्या घरी होता. हाच न विचारता गेला. पालकांना भेटायला पाठवा."

*

गुलाबराव आमचे पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. पण आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी लागून भागत नाही, ते गोड लागावं लागतं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गुलाबरावांचं नाव होतं ते गोड पाणी काढण्यासाठी. मग लागोपाठ तीन जागा खाऱ्या निघाल्या. "नारळाची चटनी करून खाल्ली," म्हणाले, आणि तेव्हापासून दिवसभर वाचनालयात येऊन बसू लागले.

दुसऱ्या भागात होतं की आज जमीन आहे तिथं कधीकाळी समुद्र होता. गुलाबराव ताडकन उठले.

"ताई, आपल्या हिरीचं पानी खारं काहून आहे, आता समजलं! समुद्र गेला, मीठ ठेवून गेला. थो मासा इथूनच फिरे!"

कागदावर त्यांनी लिहिलं, "लेखकानं आमच्या गावाचं नाव टाकायला पाहिजे होतं."

नवल म्हणजे कोणी हसलं नाही. जरा वेळानं नामदेवराव हळूच म्हणाले, "दुपारी वावरात लिंबाखाली पडलो, की वरून कायतरी मोठं सरकल्यावानी वाटते. मी म्हनो ढग असन."

पुढं कितीतरी दिवस सायकलवरून घरी जाताना मी वर बघायची. दोन्ही बाजूंना वाळलेलं रान, डोक्यावर मैलभर पाणी आणि त्यातून कोणीतरी सावकाश चाललंय. फार बरं वाटायचं, खरंच सांगते.

*

शकीला मॅडमच्या शाळेतला हापसा खारा. मुली घरून पाण्याची बाटली आणायच्या, ती दुपारपर्यंत संपायची. मग मुली घरी जायच्या आणि बऱ्याच जणी परत यायच्याच नाहीत. काहींची तर शाळाच सुटली. मॅडमनी गुलाबरावांना गळ घातली.

"मॅडम, माह्या हाताचा भरोसा नाही राहिला," ते म्हणाले. "पोरीइले आखीन खारंच पाजू काय?"

तेव्हा चौथा भाग मॅडमकडं होता. वाचून होईपर्यंत दर आठवड्याला मुदत वाढवून घ्या, हा माझाच नियम. मॅडम दर सोमवारी येऊन मुदत वाढवायच्या. गुलाबराव रोज विचारायचे, "ताई, मासा जगला का मेला?" शेवटी मॅडमच म्हणाल्या, "अभी पढ रही हूँ, गुलाबभाऊ. शाळेच्या मैदानात बसून वाचते. तिथंच या न्यायला. येताना नारळ आणा."

पाचव्या सोमवारी गुलाबराव नारळ घेऊन शाळेत गेले. मुली व्हरांड्यात दाटीनं उभ्या. मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या, काही नाही. तिसऱ्या फेरीत कुंपणाजवळ नारळ उभा राहिला. त्यांचे हात कापत होते म्हणून की काय, ते मला सांगता येणार नाही.

बोअरची गाडी आली. दुसऱ्या दिवशी पाणी लागलं, आधी गढूळ, मग नितळ. पहिला गिलास पाणाड्यानं प्यायचा, ही रीत. मुली, मॅडम, नामदेवराव, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी डोळे मिटले आणि गिलास रिकामा केला. डोळे काही उघडेनात.

मॅडमनी चौथा भाग छातीशी घट्ट धरला होता. "बोला ना, गुलाबभाऊ. अभिप्राय?"

गुलाबरावांनी गिलास पुढं केला.

"पयले आखीन एक द्या. मंग सांगतो."