कमलताईंचा उसवलेला मफलर

कमलताईंची आणि माझी ओळख माझ्या एका अडाणी प्रश्नानं झाली. वर्ध्याहून येऊन मी दिल्लीतल्या हवामान निरीक्षणाच्या एका कार्यालयात नुकताच रुजू झालो होतो. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत तिथल्या महिला हिरवळीवर उन्हात विणत बसत. ताईंनी मात्र दोनच ओळी विणल्या, वही पाहिली आणि सुया पिशवीत टाकल्या. "लोकर संपली का?" मी विचारलं. "नाही, महिना संपला," त्या म्हणाल्या. मी गोंधळलो. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहितानाही तो गोंधळ पुरता गेलेला नाही.

त्या मफलरची रीत अशी. ताई घरच्या तापमापीवर दिवसाचं कमाल तापमान पाहून रोज वहीत लिहीत. महिना नेहमीपेक्षा थंड गेला तर दोन निळ्या ओळी, गरम गेला तर लाल.

आकड्यांबाबत त्या फार काटेकोर. मला कावीळ झाली तेव्हा मुनिरक्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर त्या रोज खिचडीचा डबा घेऊन येत आणि ताप विचारीत. "थोडा आहे" म्हणून सुटका नसे. "अहो मेश्राम, थोडा म्हणजे किती? थर्मामीटर लावा, मी थांबते." इतकी माया आणि इतका जाच एकाच माणसाकडून मी दुसरीकडे अनुभवलेला नाही.

पुढे खाजगी नोकऱ्या वाढल्या, यमुनेपलीकडे सोसायट्या उठल्या आणि ताईंनी नॉएडात सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मफलर एकदम लालेलाल झाला. पृथ्वी तापली, हा घ्या पुरावा, असं मी कार्यालयभर सांगत सुटलो. ताई वैतागल्या. "पृथ्वी तापली, की मी कडुनिंबाच्या सावलीतून काँक्रीटमध्ये आले? आधी ते तर कळू दे." यंत्राची जागा बदलली की वर्षभर दोन्हीकडे नोंदी घ्यायच्या, ही आमच्या कामातली शिस्त. ताईंचं जुनं सरकारी क्वार्टर मलाच मिळालं होतं, म्हणून तिथल्या नोंदी त्यांनी माझ्यावर सोपवल्या. दोन्ही घरांतला फरक काढून पुढे तो नॉएडाच्या आकड्यांतून वजा करायचा होता.

इथे माझं चुकलं. तापमापी माझ्या लहान मुलीच्या हाताला लागायची, म्हणून मी ती व्हरांड्यातच उंच अडकवली, ती नेमकी कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताटीशेजारी. रोज हवामान मोजणारा माणूस मी, हे कसं केलं मला कळत नाही. दिवाळीत कूलर काढताना लक्षात आलं. तोवर ताईंनी शाबासकी देऊन टाकली होती, "मेश्राम, एक दिवस चुकवला नाहीत." त्यानंतर माझं तोंड उघडलं नाही. गार हवेमुळे माझे आकडे कमी आले होते, म्हणून उन्हाळ्याचा फरक खोटाच मोठा निघाला आणि वीसहून अधिक वर्षं मफलर हवा त्यापेक्षा निळा होत गेला.

आता आमच्या गौरव समितीनं तो पंचाहत्तरीच्या समारंभात काचेच्या पेटीत मांडायचं ठरवलं आणि माझा धीर सुटला. दोन महिन्यांपूर्वी नॉएडाला जाऊन सगळं सांगितलं. ताईंनी वही काढली.

"हिवाळ्याच्या नोंदी खऱ्या?"

"हो, तेव्हा कूलर नव्हता."

"मग हिवाळे होते तसेच पुन्हा विणायचे. उन्हाळ्यांचं आपल्याला माहीत नाही. तिथे बिनरंगी लोकर."

"राहू द्या ना ताई. कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलं ना? हे टोक धरा," असं म्हणून त्यांनी उसवायला घेतलं. मी उसवलेल्या लोकरीचे गुंडे करीत बसलो. मला रडू आलं, तेव्हा त्यांनी चहा केला आणि पुन्हा उसवायला बसल्या.

तेव्हा समारंभात मफलर आखूड दिसेल, त्याचं कारण हे. त्यावरून पृथ्वीचं नेमकं काय झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. ताईंची बोटं आता आखडतात. दोन महिन्यांत जेमतेम एका वर्षाच्या ओळी होतात, आणि वीसहून अधिक वर्षं अजून गुंड्यांत आहेत. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं इथे सगळेच प्रेमानं लिहितील. मीही लिहितो, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे: माझी चूक त्यांच्या हातून निस्तरायची राहिली आहे.