पिसारेवाला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नांदुऱ्यात रेल्वेरुळांपलीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत एका जुन्या कबरीवर नवी काळी फरशी बसली. जबाबदार: दफनभूमी सुधार समितीचे अध्यक्ष. दसऱ्याच्या आठवड्यात अमेरिकेतल्या एका बाईंच्या पत्राला समितीचे उत्तर गेले. जबाबदार: सचिव. दिवाळीनंतर मी समितीला पहिले पत्र दिले, संक्रांतीला दुसरे, होळीला तिसरे. तिन्हींची पोच माझ्याजवळ आहे. लेखी उत्तर एकाचेही नाही. जबाबदार: वरील दोघे, आणि सभेत माना डोलावणारे सर्व सभासद.

त्या फरशीखाली माझ्या आईचे आजोबा आहेत. इंग्रजी अमलात ते अमेरिकेहून कापसाच्या जिनातली यंत्रे बसवायला आले, पणजीबरोबर त्यांनी इथेच संसार केला, आणि मुलगी रांगती असताना तापाने गेले. ती मुलगी म्हणजे माझी आजी. घरात त्यांचा उल्लेख फक्त 'साहेब' असा होई. कबर कोणती, हे आजीने आईला आणि आईने मला दाखवले. परंतु दगडावरची अक्षरे झिजली होती, आणि आडनाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले एका परक्या बाईंमुळे. साहेबांच्या भावाच्या वंशातल्या या बाई अमेरिकेत आपली वंशावळ जुळवीत आहेत. अमेरिका ही स्वतःच इंग्रजांची वसाहत होती त्या काळापर्यंत त्या मागे पोचल्या. हिंदुस्थानात आलेली एक फांदी तेवढी अपुरी होती. त्यांनी समितीला साहेबांचे पूर्ण नाव कळवले आणि पुढे कोणी आहे का, असे विचारले. समितीने चर्चच्या दप्तरावरून कबर हुडकून नाव कोरले, त्याखाली 'अमेरिका' कोरले, आणि त्याखाली, कोणी न विचारता, एक शब्द कोरला: अविवाहित. बाईंनाही तेच कळवले: विवाह नाही, वारस नाही. हे उत्तर सचिवांनी गावच्या व्हॉट्सॲप गटावर अभिमानाने टाकले, म्हणून मला कळले.

मी फरशीसमोर उभा राहून नाव मोठ्याने वाचले. ते आडनाव इंग्रजीत कसेही लिहीत असोत. देवनागरीत कोरल्यावर ते सरळ 'मोर' होते.

मला शाळा आठवली. गुरुजींनी भिंतीवरच्या चित्रावर छडी ठेवून विचारले होते, हा पक्षी कोणता? मी ताठ उभा राहून म्हणालो, पिसारेवाला. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "पिसारेवाला? मंग हत्तीले काय म्हनशीन, सोंडवाला?" पुढे कित्येक महिने मला तेच नाव पडले. आमच्या घरी त्या पक्ष्याला दुसरा शब्दच नव्हता. का नव्हता, हे मी कधी विचारले नाही. घरातल्या बोलण्याला कारण असते असे मुलांना वाटत नाही.

दफनभूमीतून मी थेट मोताळ्याला ताईकडे गेलो. ताई माझ्याहून बरीच मोठी. तिने पणजीला पाहिले आहे. अंगणात बसलो होतो, तोच मागच्या तुरीतून केका ऐकू आली. तिची नातसून कौतुकाने म्हणाली, "आजीबाई, मोर आला पाहा!"

"असं नाई म्हनत वं पोरी. पिसारेवाला म्हन."

"काऊन? मोराले मोर नाई म्हनाचं त काय म्हनाचं?"

"मले आजीनं सांगतलं, आजीले तिच्या मायनं. काऊन ते कोनी नाई सांगतलं."

मी ताईला फरशीवरचे आडनाव सांगितले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजे बुढी जलमभर नवऱ्याचं नाव टाळून राह्यली होती, भाऊ. अन् आमाले वाटे, तिले पाखराचं भेव हाये."

हा माझा पुरावा. आमच्याकडे बाई ज्याच्या घरी केवळ कामाला असते, त्याचे नाव ती खुशाल घेते. नवऱ्याचे घेत नाही. नावाशी जुळणारा शब्दही ओठांवर येऊ देत नाही. विधवा झाल्यावरही पणजीने ही मर्यादा पाळली, मुलीला पाळायला लावली, आणि कारण विसरले गेले तरी शब्द तीन पिढ्या टिकला. समितीला खोटे पटवण्यासाठी कोणी एवढी दीर्घ तयारी करत नाही.

अध्यक्षांनी तिसऱ्या पत्रानंतर फोन केला. आवाजात हसू होते.

"अप्पा, चर्चच्या दप्तरात लग्न नाई. आता पाखरावरून लग्न लावता काय?"

"दप्तरात 'अविवाहित' असे आहे का?"

"ते बी नाई."

"मग तुम्ही ते कुठून आणले?"

"अप्पा, ग्रीन कार्ड पाह्यजे असन त सिधं सांगा ना! बाईले मीच लिहितो."

मी फोन ठेवला. मला कार्ड नको, मिळकत नको, साहेबांचे आडनावही नको. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून राहिले, तर कायदा विवाहाचे अनुमान करतो. नाकारणाऱ्याने तो नव्हता हे सिद्ध करायचे असते. समितीने काहीही सिद्ध न करता त्या एका शब्दाने माझ्या पणजीला ठेवलेली ठरवले आहे, आणि तो शब्द समुद्रापार एका वंशावळीत कायमचा जाऊ घातला आहे.

म्हणून अध्यक्ष आणि सचिव यांच्याकडे माझी ही मागणी. बंद पाकिटातले उत्तर नको, फोन नको. येत्या रविवारच्या प्रार्थनेनंतर दफनभूमीच्या फाटकापाशी, गावासमक्ष उभे राहा. ताई येईल, मीही येईन. 'अविवाहित' हा शब्द कोणत्या आधारावर कोरला, ते मोठ्याने सांगा. आधार नसेल, तर तेही तितक्याच मोठ्याने सांगा, तो शब्द तिथेच घासून काढा, आणि अमेरिकेतल्या बाईंना लिहा की साहेबांना पत्नी होती. उत्तर द्या.