दगडूकाकांची घागर

ओसरीवर गव्हाच्या लहानशा राशीवर ठेवलेली लाल, कोरी घागर... तिच्या भाजक्या मातीचा वास, शेजारी पिकलेल्या खरबुजाचा गोड दर्प, आणि अंगणात वैशाखाचं पांढरं, डोळ्यांत खुपणारं ऊन. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. आमच्या खानदेशात वर्षभरात गेलेल्या माणसासाठी अखाजीला नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज ठेवतात. त्या पाण्याने त्याची तहान भागते, आणि तो पितरांत जाऊन बसतो. पण आमची घागर कोरडीच होती.

ती दगडूकाकांसाठी आणली होती. चोपड्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या हाकणारे माझे काका; त्यांच्या सदऱ्याला सरकीचा आणि बैलांच्या घामाचा वास यायचा. माझे वडील, ज्यांना घरात सगळे भाऊ म्हणत, कणगीमागे लपवलेली पत्रकं मला मोठ्याने वाचायला लावत— परकी सत्ता, परकी लढाई, आपलं रक्त! काका हसून म्हणत, "भाऊ, तुना कागद बैलले खावाडू का?" त्यांना तापीपलीकडचा मुलूख पाहायचा होता. गोऱ्यांना लढाईसाठी खेचरं हाकणारे गडी हवेत, असं कळताच ते समुद्रापार इराकात, बसऱ्याला गेले. वर्षभराने ते मेल्याची तार आली.

आबांनी, माझ्या आजोबांनी, घागर आणली. काकी दाराआडून म्हणाली, "मरेल कोनी दखा त्यासले? राख दखाडा, मंग घागर भरा."

घागर भरली की काकी विधवा ठरणार होती. भाऊंनीही तिचीच बाजू घेतली, पण वेगळ्या कारणाने. "गोऱ्यांच्या चाकरीत मेलेल्याचा मान या घरात नको." आबा खाली मान घालून बसले. ऊन उंबऱ्यापर्यंत सरकत आलं...

तेवढ्यात हात गळ्यात बांधलेला एक माणूस अंगणात आला. काकांच्याच तुकडीतला, शिरपूरकडचा. उभ्यानेच त्याने सांगितलं— खेचरांवर पाण्याच्या पखाली लादून दगडू पुढच्या खंदकांकडे निघाला होता. गोळा पडला. पखाली फुटल्या, खेचर मेलं, दगडू मेला. त्याला वाळूत पुरलं, ते याने डोळ्यांनी पाहिलं.

काकी उंबऱ्यात आली. डोक्यावरचा पदर घसरला होता.

"त्यासले पाणी भेटनं व्हई का, दादा?"

काकीने हंडा उचलला आणि स्वतः घागरीत पाणी ओतलं— धो धो, काठावरून सांडेपर्यंत. हे पुरुषांचं काम, पण कोणी तिला अडवलं नाही. भाऊ खांबाला टेकून उभे होते.

मी पुढे भाऊंच्या त्याच पत्रकांवर वाढले, आता स्वतः लिहिते. त्यांतलं बरंचसं मला आजही खरं वाटतं. पण सभेत देशासाठी मेलेल्यांचा जयजयकार सुरू झाला की मला दगडूकाका आठवतात. सरकारला ते खेचरांमागचा एक गडी, आम्हाला गोऱ्यांचे नोकर... तहानलेल्यांकडे पाणी नेताना मेलेला माणूस कोणाचा?

पहिलं वर्ष सरलं तरी काकी अजून दर अखाजीला त्यांच्या नावाने घागर भरते. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या आहेत. बायका टोमणे मारतात— पाणी पाजतेस, मग हे कशाला? काकी हात पुसत म्हणते, "पाणी त्यासले लागस, ते दिधं. बांगड्या मन्या सोतान्या शेतस."