इथून इथे

डाव्या हाताचे एक बोट पाटीच्या एका टोकावर, मग तेच बोट दुसऱ्या टोकावर. "इथून इथे," मास्तर म्हणत आणि बाजूला होत. उजवा हात तोवर कोटाच्या खिशात असे. एवढीच त्यांची शिकवणी. बाकीचे मी पाहून शिकायचे होते.

भायखळ्याच्या भाजीबाजारामागे पत्र्याची एक सरकारी शेड होती. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या तिथे तयार होत. सुतार फळ्या करीत, रंगारी अस्तर देत आणि अक्षरे मास्तर काढीत. मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. द्वैभाषिक राज्य आले त्याच सुमारास मी लागलो आणि ते मोडण्याच्या थोडे आधी बाहेर पडलो. त्या राज्याची आणि माझी उमेद साधारण सारख्याच वेळी संपली.

देवनागरी पाटी कधी नीट पाहा. वाचू नका, पाहा. सगळी अक्षरे वरच्या एका रेघेला लटकलेली असतात. ती रेघ सरळ असेल तर पाटीकडे पाहताना डोळा अडखळत नाही. मास्तरांच्या पद्धतीत आधी रेघ, मग अक्षर. खडू फासलेल्या दोरीने खूण पाडायची, ब्रश भरायचा, श्वास रोखायचा आणि हात न उचलता या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. मध्ये थांबले की रेघेला गाठ पडते. पुसलेली गाठ दिसत नाही असे नवख्याला वाटते.

रेघ माझी, अक्षर त्यांचे. पहिल्या वर्षी मला हे रास्त वाटले. दुसऱ्या वर्षीही तेच चालले, तेव्हा शेडमधला मालवणी सुतार बोलू लागला.

"मास्तरानू, पोराक अक्षर कधी? रेघेरच म्हातारो करतास काय तेका?"

"रेघ बसू दे आधी."

"बसली की हो. आता उठाची नाय ती."

मास्तर हसत नसत. मनगटाखाली टेकणकाठी धरून ते अक्षराला लागत. त्यांची अक्षरे मी आजवर दुसरीकडे पाहिलेली नाहीत. 'क'चा कान आणि 'श'ची मान ते असे वळवीत की सरकारी पाटीवर तेवढी ऐट शोभते का, असा प्रश्न पडावा. चहा आला की कप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पीत. गिरगावात राहणारा माणूस, थंडी कसली वाजते याला, असे मी आणि सुतार आपसांत म्हणत असू.

पाट्या तेव्हा तीन भाषांत होत. वर इंग्रजी, मध्ये मराठी, खाली गुजराती. गुजराती ओळ आली की ते मला म्हणत, "उमेदवार, तू बस. हिला रेघ लागत नाही." मग ते एकटेच काम करीत. तेवढ्या वेळात त्यांना गुणगुणताना मी ऐकले आहे. बाहेर परळ-लालबागला मोर्चे निघत होते. मराठी माणूस गुजराती अक्षरे एवढ्या मायेने काढतो याचा मला राग येई. एकदा मी तसे बोललोही.

"मास्तर, तुम्हाला ती ओळ फार आवडते."

"सुटसुटीत आहे," ते म्हणाले. "कुणाची वाट पाहावी लागत नाही."

मी त्याचा भलता अर्थ घेतला.

माझे काय पणाला लागले होते तेही सांगून टाकतो. माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होते. त्यांच्या छातीत कापूस बसला होता. उमेदवारी पुरी झाली की शेडमध्ये एक जागा कायम होणार होती आणि मास्तरांनी शिफारस केली तर ती मला मिळणार होती. वडिलांनी लालबागच्या आमच्या चाळीत मजल्यामजल्यावर सांगून ठेवले होते, "आमचा सरकारी होणार. तो सांच्यावर उभा राहणार नाही." उमेदवाराला कायम करताना अक्षर पाहतात, हे मी त्यांना सांगितले नव्हते. तिसऱ्या वर्षीही माझ्या हाती अक्षर नव्हते.

अक्षर मला चाळीने दिले. मोर्चाचे फलक रंगवायला कुणी हवे होते. मंडळाच्या पोरांनी रंग आणला, पुठ्ठे आणले, गॅलरीत मांडले. "तू सरकारी पाट्या करतोस ना रे? मग लिही." मी लिहिले. आधी रेघ ओढली, मग आयुष्यातले पहिले अक्षर काढले. मास्तरांचे पाहून डोळ्यांत साठलेले सगळे त्या पुठ्ठ्यांवर उतरले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे त्या काळी प्रत्येक भिंतीवर असे. पण असे देखणे कुठेच नव्हते. पोरे म्हणाली, "च्यायला, मोर्चा आहे की कचेरी?"

त्यांची थट्टा खरी ठरली. पोलिसांनी मोर्चातले काही फलक जप्त केले. त्यांतला एक कुणा चौकस माणसाने निरखून पाहिला. घोषणा सरकारविरुद्ध आणि वळण सरकारी. दोन दिवसांत तो फलक आमच्या शेडमध्ये आला. बरोबर आमच्या खात्याचे साहेब होते.

मी ब्रश धूत होतो. साहेबांनी पुठ्ठा मास्तरांच्या टेबलावर ठेवला.

"हे इथलं काम आहे का?"

मास्तरांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. मग डाव्या हाताचे बोट रेघेच्या सुरुवातीला ठेवले आणि शेवटापर्यंत नेले, कुठेही न थांबता. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले ते मी चांगले पाहिले आहे. तो अभिमान होता.

"रेघ आमच्याकडची आहे."

"कुणाची?"

"ह्याची." बोट माझ्याकडे झाले. "अक्षर मात्र ह्याचं नाही, साहेब. अक्षर ह्याला मी अजून दिलेलं नाही. ते कुणा बाहेरच्याचं असणार. ह्याने नुसती रेघ ओढून दिली असेल."

"रेघ पुरे," साहेब म्हणाले.

माझी उमेदवारी त्याच आठवड्यात रद्द झाली. सामान म्हणजे एक डबा आणि एक सदरा. फाटकापाशी मास्तर उभे होते, हात खिशात.

मी म्हणालो, "ओळखत नाही म्हणाला असतात, तर काय झालं असतं?"

"रेघ तुझी होती."

"ते तुम्हाला ठाऊक. त्यांना नव्हतं."

"अक्षर तुझं नाही, असं मी सांगितलं की."

"अक्षर माझंच होतं."

 भाजीच्या हातगाड्यांना वाट द्यायला ते फाटकाच्या कडेला सरकले.

"'झ' कुणी शिकवला तुला?"

"कुणी नाही. तुमचा पाहिला."

"पोट जड झालंय त्याचं," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढे मी वडिलांच्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. सांच्यावर उभा राहिलो. वडील घरात माझ्याशी फारसे बोलत नसत आणि मीही त्यांना दोष दिला नाही. माझ्या मनात दोषाला एकच माणूस होता. स्वतःच्या शिकवणीची ओळख नाकारण्याइतके मोठे मन नसलेला माणूस, असे मी त्यांच्याबद्दल ठरवून टाकले होते.

मग राज्य झाले. लालबागला रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. ज्या फलकांपायी माझी जागा गेली त्यांवरचे शब्द खरे झाले होते. मी पेढा घेतला. गोड होता.

काही आठवड्यांनी कामासाठी गिरगावात गेलो होतो. एका सरकारी कचेरीवर नवी पाटी लागली होती. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र राज्य आले होते. गुजराती ओळ नव्हती. अक्षरे दुरूनच ओळखली. 'ष्ट्र' असा बांधला होता की जोडाक्षराचा भार कुठे जाणवू नये.

वरची रेघ मात्र कापत गेली होती. वीतभर सरळ, मग खाली, मग वर. जागोजागी ब्रश उचलून पुन्हा टेकवला होता आणि तिथे गाठी पडल्या होत्या. पुसलेल्या गाठीही दिसत होत्या.

प्रथम मला बरे वाटले. मग मला तो ओंजळीतला कप आठवला. कायम खिशात असलेला उजवा हात आठवला. टेकणकाठीवर मनगट ठेवले की अक्षरापुरता तो हात स्थिर राही. लांब रेघेला काठीचा उपयोग नाही. हिला रेघ लागत नाही, असे म्हणून गुणगुणणारा माणूस आठवला. मला तीन वर्षे ते शिकवीत नव्हते. ते माझा हात वापरीत होते, आणि मला अक्षर दिले असते तर मी तो हात घेऊन स्वतःच्या पाट्यांकडे निघून गेलो असतो.

तसाच भायखळ्याला गेलो. सुतार फळी रंधत होता.

"मास्तर?"

"गेले घराक. बसवल्यानी तेंका." त्याने रंधा थांबवला नाही. "पाट्यो सगळ्यो एकदम बदलूच्यो होत्यो. नवो उमेदवार काय दिलो नाय. रेघ बघून सायबान विचारल्यान, हात दाखवा. तेनी खिशातून काढलोच नाय."

पुठ्ठ्यावरच्या रेघेवर बोट ठेवताना आपण कुणाचा हात दाखवून देत आहोत आणि तो गेला की आपली रेघ ओढायला कुणी उरणार नाही, हे त्यांना कळत होते. तरी त्यांनी ती रेघ नाकारली नाही. याला मोठेपणा म्हणावा की मूर्खपणा, हे मी अजून ठरवलेले नाही. काहीही म्हटले तरी माझी जागा गेलीच.

त्यांना मी पुन्हा भेटलो नाही. गिरगावात त्यांचे घर कुठे होते ते मला माहीत होते. ती पाटी बरीच वर्षे तिथे होती. खालून जाताना मान वर होई आणि डोळा या टोकापासून निघे. इथून इथे. एकदाही तो न अडखळता पोहोचला नाही.