पंचावन्न रुपये आणि साक्षीदारांचं तूप

तुम्ही बहीणभावांनी पाठवलेलं चित्र मिळालं. एक गोल चकती, तिच्यात सात रंग, आणि खाली लिहिलेलं की किराण्याचे पैसे दर महिन्याच्या वीस तारखेला संपतात. आजी, तू कसं भागवायचीस, असं विचारलं आहे. आजी भागवायची हे तुम्हांला कोणी सांगितलं ते मी ओळखलं. तुमच्या आजोबांनीच. ते शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची मंडळी फार काटकसरी." ज्या माणसानं माझ्या काटकसरीच्या आड येण्यात चांगली दोनतीन वर्षं खर्ची घातली, त्यानं म्हातारपणी तिचं श्रेयही घेऊन टाकलं. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहिते. उपदेश यात नाही. तो मोफत मिळतो, दुसरीकडून घ्या.

लग्न होऊन मी औरंगाबादला आले तेव्हा निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनला दहाएक वर्षं झाली होती. कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी आली होती, कारकून तेच होते. तुमचे आजोबा महसूल खात्यात होते. त्यांचं घराणं गंगापूरकडचं, शेतीभाती मोठी, आणि घराण्यातला पगार खाणारा हा पहिलाच माणूस. त्यामुळे घरी ते धाकटे आणि शहरात साहेब. मी हैदराबादच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. घरखर्चातील शिस्त या विषयावर इंग्रजीत निबंध लिहून मी पहिलं बक्षीस मिळवलं होतं. तोवर मी स्वतः पैशाचं मीठसुद्धा विकत घेतलेलं नव्हतं. परीक्षकांनीही घेतलं नसावं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, जानेवारीच्या शेवटी, मुलींच्या शाळेतून मला पत्र आलं. जूनपासून इंग्रजी शिकवायला या. सोबत एक छापील फॉर्म होता, त्यात एक रकाना पतीच्या संमतीचा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फॉर्म शाळेत पोचायला हवा होता. मी तो आजोबांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ज्या बाईला दोन माणसांचा किराणा महिन्यात बसवता येत नाही, ती चाळीस पोरींना काय शिकवणार?"

"बसवला तर सही कराल?"

"पंचावन्न रुपये. दूध, भाजी सगळं धरून. मेअखेरपर्यंत चार महिने आहेत, त्यातले तीन बसवून दाखव. मग बघू."

"बघू नको. सही."

"बरं, सही," ते म्हणाले. हा माणूस दिलेला शब्द पाळायचा, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. शब्द देताना त्याला फाटे किती फोडायचा, ते पुढे येईलच.

फेब्रुवारी बुडाला. यादी मी केली होती, वजनासकट. पण त्या काळी चांगल्या घरची बाई मोंढ्याच्या बाजारात जात नसे, पुरुष जात. आजोबा रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जात, दुकानदाराच्या गादीवर तक्क्याला टेकून बसत, चहा घेत आणि यादी त्याच्या हातात देत. भाव विचारत नसत. भाव विचारणं म्हणजे आपल्याला परवडत नाही हे चारचौघांत कबूल करणं, अशी त्यांची समजूत होती. दुकानदारानं ती बरोबर हेरलेली. तो म्हणे, "साहेब, तुम्हाला भाव सांगायचा म्हणजे आम्हालाच शरम वाटते." ही शरम तो महिनाअखेरीला चिठ्ठीत लिहून पाठवी. शिवाय यादीत नसलेले बदाम, साहेबांसाठी खास आलेली सुपारी, एकदा तर केशराची डबी. सासरी कुणी बाळंत नाही, घरात लहान मूल नाही, केशर कशाला?

"त्यानं आग्रह केला," आजोबा म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

सात रुपये वर गेले. ते म्हणाले, "एक महिना गेला तुझा." माझा.

मार्चच्या पहिल्या रविवारी ते अंघोळीला गेल्यावर मी पिशव्या घेऊन निघाले. मोंढ्यात शिरले तेव्हा हमालांनी वाट करून दिली, ती आदरानं की आश्चर्यानं ते मला कळलं नाही. दुकानदार उठून उभा राहिला. "बाईसाहेब, आपण कशाला? साहेबांना पाठवायचं, नायतर माणूस पाठवायचा."

"गूळ काय भाव?" मी विचारलं.

तो हसून म्हणाला, "तुम्ही नेऊन तर बघा. भावाचं काय घेऊन बसलात."

माझ्या पुढे एक बाई उभी होती. लासूरच्या बाजूची धनगराची, खांद्यावर घोंगडी, कमरेला चंची. कोकरं विकून आली होती आणि महिन्याचा बाजार करत होती. तिनं गुळाची ढेप फोडायला लावली, आतला तुकडा चाखला, थुंकली, दुसरी ढेप फोडायला लावली. दुकानदारानं शेराला दहा आणे सांगितले. ती नुसती पिशवी उचलून वळली. तो नऊ म्हणाला, आठ म्हणाला, ती चालतच होती, आणि उंबऱ्याशी पोचली तेव्हा सातावर आला. मग ती सावकाश परत आली. मला लाज वाटली ती माझ्या निबंधाची. त्या निबंधात हे उंबऱ्यापर्यंत चालत जाणं कुठंही नव्हतं.

मी म्हणाले, "यांना दिला त्याच भावानं मला दोन शेर."

दुकानदार कानकोंडा झाला. "बाईसाहेब, तो माल वेगळा. तो या लोकांचा."

ती बाई वळून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली, "एकच ढेप हाय की. माझ्या म्होरंच फोडली. का शिकल्याली बाई गूळ दुसऱ्या तोंडानं खाती?"

दुकानातले सगळे हसले. मला सात आण्यांनी गूळ मिळाला. त्यानंतर तूरडाळ, शेंगदाणे, मिरची, प्रत्येक जिन्नस तिनं घेतला की मी तोच भाव मागायची. ती मध्येच म्हणाली, "बया, मी येती म्हैन्याला एकदा. माझ्या मागं मागं किती दिस हिंडशील?" पण थांबली माझं सगळं होईपर्यंत. महिना संपला तेव्हा तीन रुपये उरले होते.

आजोबांना ते दिसलेच नाहीत. त्यांना दिसलं ते एवढंच की कचेरीत कुणीतरी म्हणालं, तुमच्या घरची बाई मोंढ्यात धनगरणीच्या जोडीला घासाघीस करत होती. घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली नाही, फेकली. "पंधरा वर्षं जपलेलं नाव तीन रुपयांना विकलंस."

"फेब्रुवारीत तेच नाव सात रुपयांना घेतलं होतं तुम्ही," मी म्हणाले. "ते महागच पडलं."

एप्रिलमध्ये दिरांचा खटला आला. गंगापूरकडच्या आमच्या शेताचा बांध शेजाऱ्यानं दोन हात सरकवला होता, किंवा आम्ही सरकवला होता, यावर तो चालू होता. तारीख शहरातल्या कोर्टात, म्हणून थोरले दीर चार साक्षीदार घेऊन आमच्या दोन खोल्यांत उतरले. तारीख एका दिवसाची, मुक्काम आठ दिवसांचा. कारण साक्षीदारांना तयार करायचं होतं, आणि ते उपाशी पोटी तयार होत नव्हते. पहिल्या दिवशी त्यातल्या एका म्हाताऱ्याला बांधाचा दगड बाभळीपाशी होता एवढंच आठवत होतं. दिरांनी त्याच्या वरणावर तूप वाढायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याला दगडाचा रंग आठवला. तिसऱ्या दिवशी पुरण झालं, तेव्हा दगड कोणत्या साली कोणी रोवला इथपर्यंत आठवण पोचली. असली स्मरणशक्ती मी पुढे एकाही विद्यार्थिनीत पाहिली नाही.

थोरल्या दिरांपुढे मी बोलत नसे. ते भिंतीला उद्देशून म्हणत, "तूप सपलं वाटतं." आणि भिंतीनं उठून तूप वाढायचं.

यांच्या गावाकडच्या कणग्या ज्वारीनं भरलेल्या होत्या. आले मात्र मोकळ्या हातानं. मी आजोबांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "चौदा तारखेला माझ्याकडं नऊ रुपये आहेत. भावजींना म्हणावं, एक पोतं मागवून घ्या."

"सरकारी नोकराच्या दारात भाऊ पोतं घेऊन येतो काय? लोक काय म्हणतील?"

"साक्षीदार काय म्हणतील ते कळलं. लोकांचं नंतर बघू."

शेवटी कोर्टानं पुढची तारीख दिली, म्हणजे ही पंगत जूनमध्ये पुन्हा बसणार होती. मंडळी गेली त्याच दिवशी मी सासूबाईंना पत्र लिहिलं. व्यवस्थित. समन्सात साक्षीदारांना क्रमांक असतात तसेच दिले, आणि प्रत्येकापुढे रोजच्या भाकरी, तूप, गूळ. शेवटी नम्रपणे की एवढं धान्य घरून यावं.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती हे मला माहीत होतं. कोणीतरी पत्र वाचून दाखवणार हे उघडच होतं. पण कुठं आणि कोणापुढे, याचा विचार बक्षीस मिळवलेल्या बाईनं केला नाही. त्या गावात टपाल आलं की मास्तर पारावर बसून पत्रं मोठ्यानं वाचत, म्हणजे घरोघर जायला नको. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन कडेला उभ्या होत्या आणि पारावर चारही साक्षीदार बसलेले होते. 'साक्षीदार क्रमांक दोन, रोज सहा भाकरी, तूप पाव शेर' हे साऱ्या गावानं ऐकलं. त्या गृहस्थाला पुढे मरेपर्यंत गाव 'सहा भाकरी' म्हणत असे. त्यानं लगेच कळवलं की बांधाचं त्याला काहीएक आठवत नाही.

आठ दिवसांनी दीर एस.टी.नं आले. टपावरून ज्वारीचं पोतं आणि डाळीचं गाठोडं उतरवून त्यांनी ओट्यावर टाकलं. पाणी घेतलं नाही. या वेळी ते भिंतीशी नाही, माझ्याशी बोलले.

"आईनं सांगितलंय, मोजून घे."

मी आतूनच म्हणाले, "घेते."

"आनि इचारलंय. दर दिवाळीला इथं तुपाचा डबा येतो गावाकडून, त्यो पत्रात लिव्हला नाय व्हय?"

लिहिला नव्हता. आठ दिवस जे तूप मी आपलं म्हणून मोजलं, त्यातलं निम्मंशिम्मं त्याच डब्यातलं होतं. सासूबाईंना लिहिता येत नसे, पण माझ्या पत्रात काय गाळलं आहे ते त्यांनी एकदा ऐकून काढलं. त्या बरोबर होत्या म्हणून मी त्यांच्यावर बराच काळ रागावले होते. त्याहून चांगलं कारण माझ्याकडं नव्हतं.

एप्रिल एकावन्न रुपयांत बसला. आजोबा म्हणाले, पोत्याची किंमत धरली पाहिजे. मी म्हणाले, अट पंचावन्न रुपयांची होती, पोतं परत पाठवण्याची नव्हती. मग ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलणं बंद असल्यामुळे कचेरीतले मित्र चहाला येईनात, चहा-साखर वाचली. मे महिन्यात गावाकडून एकही माणूस आला नाही. एरवी उन्हाळ्यात कुणी ना कुणी दवाखान्याला, लग्नाच्या कापडाला येतच असे, येताना पदरात चार कैऱ्या, मूठभर भुईमूग असायचा. मे संपला तेव्हा अकरा रुपये शिल्लक होते. मी ते मांडले, तेव्हा आजोबा पहिल्यांदा बोलले. "घर रिकामं ठेवून कुणीही बसवील महिना." त्यांच्या आयुष्यातल्या मोजक्या नेमक्या वाक्यांपैकी ते एक. पण फॉर्म मी तरीही पुढे केला.

त्यांनी सही केली. मग दौतीत टाक पुन्हा बुडवला आणि सहीच्या वर कचेरीतल्या अक्षरात लिहिलं, 'संमती आहे, मात्र घरकामात कोणत्याही प्रकारे खंड पडू नये या अटीवर.' खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म शाळेत नेला. मुख्याध्यापिकाबाई पन्नाशीच्या, अविवाहित, बोलायला कमी. त्यांनी रकाना वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "ही अट कुणी पाळायची आहे? मी?"

"तसं त्यात लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी घेतली, लाल शाईची लेखणी घेतली आणि 'संमती आहे' या दोन शब्दांच्या पुढचं सगळं एका सरळ रेघेनं खोडलं. बाजूला स्वतःची आद्याक्षरं घातली. मग म्हणाल्या, "आठवी ब. पहिला तास. वेळेवर या."

हे मी आजोबांना कधी सांगितलं नाही. पुढे सव्वीस वर्षं, भाजी करपली, पाहुण्यांना चहा उशिरा मिळाला, सुट्टीत मी पेपर तपासत बसले की ते म्हणत, "शाळेच्या फायलीत लिहून दिलंय मी. विसरलीस काय?"

मी म्हणायची, "नाही. आहे तिथं."