गाडीच्या पोटातली वाळू

दातांच्या फिरत्या दवाखान्याची व्हॅन चालवणारी बाई सगळ्यांचीच आत्या होती. खरी आत्या ती फक्त डॉक्टरणीची, सख्ख्या भावाच्या मुलीची. पण डॉक्टरीण दिवसभर गाडीच्या दारातून "आत्या, पेटी दे", "आत्या, पाणी संपलं" असा धोशा लावायची, आणि दाढ ठणकत असलेली माणसं कानावर पडेल तेच नाव उचलतात. मिठागरावरच्या वस्तीत तर तिच्याहून वयाने मोठ्या म्हाताऱ्याही तिला आत्याच म्हणत.

स्टिअरिंग तिने पहिल्यांदा धरलं ते भावाच्या मालट्रकवर. भाऊ शेजारी बसून डुलक्या काढायचा आणि ट्रक ही हाकायची. मग बरीच वर्षं शाळेची बस. भाची शिकून दातांची डॉक्टर झाली, एका संस्थेने तिला दवाखाना बसवलेली व्हॅन दिली, आणि ड्रायव्हर कोण ठेवायचा हा प्रश्न निघायच्या आतच आत्या सीटवर जाऊन बसली होती. व्हॅन चारही चाकांनी ओढणारी होती. तशीच लागायची. पक्का रस्ता संपला की मिठागरापर्यंत नुसती वाळू, तीही भुसभुशीत, चढउतारांची.

या गाडीवर आत्याचा जीव होता. वाळू लागायच्या आधी ती टायरांमधली हवा कमी करायची, गाडी रुतल्यावर नव्हे तर रुतायच्या आधीच फोर व्हील लावायची, आणि परतीच्या वाटेवर एक नेम कधी चुकवायची नाही. टेकाडं उतरली की खाडीचं उथळ तोंड लागायचं. दुसरी कोरडी वाट असूनही आत्या गाडी मुद्दाम त्या पाण्यात घालायची, चाकं बुडेपर्यंत, आणि सावकाश पलीकडे काढायची. पोटाखालची सगळी वाळू धुऊन निघते, असं तिचं म्हणणं. वर घरी आल्यावर पाइपने पुन्हा धुलाई.

"माझ्याहून जास्त आंघोळी त्या गाडीला घालतेस," नवरा म्हणायचा. तो शिंपी होता, बोलायचा कमी आणि तेही तोंडात टाचण्या धरून.

"तू वाळूत चालून दाखव, तुलाही घालते," आत्या म्हणायची.

त्या दिवशी दुपारी ती परत येत होती. मागे भाची आणि गाल टम्म सुजलेला मिठागराचा मुकादम. त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचवायचं होतं. शेवटचं उंच टेकाड चढून गाडी उताराला लागली आणि मागून असा आवाज आला, की कुणीतरी लोखंडी तिजोरी दगडावर आपटली. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जखडली. ब्रेकवर पाय नव्हता, तरी चाकं फिरेनात. गाडीचं ढुंगण एका बाजूला वळलं आणि ती आडवी होऊन उतारावरून घसरायला लागली. आत्याने उताराच्या दिशेने स्टिअरिंग पिळलं. समोरच्या काचेत आधी आभाळ, मग वाळू, मग पुन्हा आभाळ. एका बाजूची चाकं क्षणभर जमिनीवरून उठल्याचं तिला बुडाखाली कळलं. मग गाडी धप्पकन खाली बसली आणि थांबली.

बाहेर वाळूचा लोट अजून खाली उतरत होता.

"आत्या?" मागून भाचीचा आवाज आला.

आत्याचे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. शेवटी मुकादमच दार ढकलून उतरला, वाळूत बसकण मारून गाडीकडे बघत राहिला, आणि थोड्या वेळाने गालाला हात लावून म्हणाला, "दुखायचं थांबलं की हो!"

मिठागराचा ट्रॅक्टर आला. मुकादमाला दुसऱ्या गाडीने पुढे पाठवलं आणि मागचा शाफ्ट सोडवून, मागची बाजू उचलून व्हॅन ओढत गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला भोंगा मिस्त्री म्हणत, कारण तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ करायची त्याला सवय होती, पण त्या दिवशी तो गाडीखाली गेला आणि गप्पच झाला. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो फुगीर लोखंडी डबा असतो, डिफरन्शियल, त्याच्या तळाचा बोल्ट त्याने सोडला. मधासारखं पिवळं तेल यायला हवं होतं. आलं ते दूध फुटलेल्या कॉफीसारखं पांढुरकं, चिकट. परातीत पडताना ते खरखरत होतं.

"हे काय आहे?" आत्याने विचारलं.

भोंग्याने चिमूटभर घेऊन तिच्या तळहातावर ठेवलं. आत्याने बोटाने चोळलं. बारीक, टोचरी वाळू.

"आत? आत वाळू कशी जाईल? तो डबा तर बंद असतो!"

"मीही तेच म्हणतोय," भोंगा म्हणाला. त्याने झाकण उघडून टॉर्च मारला. गियरचे दात उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते, एका बेअरिंगचा तर भुगा झाला होता. "इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं नाही पाहिलं. आत्याबाई, गाडी पाण्यात घालता का कुठे?"

आत्याने मान ताठ करून सांगितलं. रोज घालते. धुवायला. खाडीत.

"वाळूतून आल्या आल्या? तापलेली असताना?"

"मग काय, थंड व्हायची वाट बघत बसू?"

भोंग्याने कपाळावर हात मारला. त्याने अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला असलेलं करंगळीएवढं टोपण दाखवलं. "हा ब्रीदर. गाडी वाळूत राबली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. तापलेला डबा एकदम गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि इथूनच परत आत ओढली जाते. बाहेर हवा नसेल, पाणी असेल, तर पाणी ओढेल. खाडीच्या पाण्यात वाळू असतेच. तेल गळू नये म्हणून बसवलेल्या सीलच्या कडेनेही थोडी जाते. गाडी श्वास घेते हो, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच तिचं नाक पाण्यात धरता."

आत्याचा विश्वास बसेना. विश्वास बसला तो भाचीचा चेहरा पाहून. भाची खुर्चीतून ताडकन उठली होती.

"आत्या, आमच्या ड्रिलचं असंच होतं! दात कोरून थांबलं की ते उलटं ओढतं, तोंडातली लाळ आत जाते. म्हणून तर त्यात झडप असते. मी रोज हातात धरते ते, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही!"

आता मात्र आत्या जुन्या टायरांच्या थप्पीवर मट्‌कन बसली. भोंग्याने पुढच्या अ‍ॅक्सलचा बोल्ट सोडला, तिथेही तेच. दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतलं तेलही गढूळ निघालं. प्रत्येक बोल्टला आत्या आशेने वाकायची आणि मागे सरायची. उतारावर मरता मरता वाचली त्याचं तिला इतकं वाटलं नाही. आपण माया म्हणून जे करत होतो, तेच विष होतं, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना. घरी ती जेवली नाही. नवऱ्याने ताट झाकून ठेवलं आणि आंघोळीची थट्टा त्या दिवसापासून कायमची सोडून दिली.

दुरुस्तीला बरेच दिवस लागले. ते सगळे दिवस आत्या गॅरेजमध्ये, बहुतेक गाडीखालीच. सगळे सील नवे बसवले. ब्रीदरच्या टोपणाऐवजी रबरी नळ्या जोडून, त्या वर छताजवळ नेऊन टोकाला बारीक गाळणी लावली. शाफ्टच्या सांध्यांत ताजं ग्रीस इतकं भरलं, की जुनं ग्रीस वाळूसकट कडेने बाहेर आलं. जोरात फवारा मारायचा पंप भोंग्याने तिच्यासमोरच नको म्हणून सांगितला. वाळू सीलच्या आत घुसते. धुवायची ती गाडी निवाल्यावर, गोड्या पाण्याने, हलक्या धारेने. खाडी बंद.

पण खाडीचं हे आत्याने मान्य करून भागणार नव्हतं. पावसाळा सरला, आणि अमावास्येच्या भरतीला समुद्र नेहमीच्या रेषेवर थांबला नाही. मिठागरावरून येताना आत्याने पाहिलं, तर कोरडी वाटही पाण्याखाली. गाडी वाळूतून रेटून रेटून तापलेली. पाणी चढत होतं. थांबावं तर अजून खोल होणार.

"काय करायचं?" भाचीने विचारलं.

"नळ्या आहेत," आत्या म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं.

गाडी पाण्यात शिरली. पुढच्या चाकांच्या निम्म्यावर, मग दारांच्या कडेला पाणी लागलं. आत्या श्वास रोखून होती. पलीकडे चाकं घट्ट जमिनीला लागली तेव्हा भाचीने टाळी वाजवली. आत्याने नाही वाजवली.

सकाळी नवरा अंगणात आला तेव्हा ती गाडीखाली उताणी पडलेली होती, छातीवर परात. तिने बोल्ट सोडला. पहिली धार पडली आणि ती ओरडलीच. नवरा धावला.

"काय झालं? लागलं का?"

"हे बघ!" तिने त्याचं बोट धरून परातीत बुडवलं. "चोळ. लागतंय काही?"

तेल पिवळंधम्म होतं, नितळ. त्याने चोळलं, पुन्हा चोळलं. "काहीच नाही."

"काहीच नाही," आत्या म्हणाली. गाडीखालून ती बाहेर आली तरी तोंड उघडंच. वाईटच बघायचं आहे अशी मनाची इतकी तयारी करून बसली होती, की चांगलं कुठे ठेवावं हेच तिला कळेना. पुढच्या अ‍ॅक्सलचं तेल बघायचं धैर्य यायला तिला चहाचे दोन कप लागले. तेही स्वच्छ निघालं.