जपून ठेवलेले चष्मे

आमच्या शाळेतल्या नऊ मुलांना चष्मे मिळाले आणि तीन आठवडे त्यातला एकही कुणाच्या नाकावर चढला नाही. चूक माझी.

पळसदरीच्या पलीकडच्या एका गावात मी मास्तर आहे. शहरातल्या एका संस्थेने शाळेत येऊन मुलांचे डोळे तपासले आणि महिन्याभराने चष्मे पाठवले. मला भाषणाची भारी हौस. पालकांना जमवून मी आवाज चढवला, "चष्मा जिवापाड जपा! फुटला तर दुसरा मिळणार नाही!" टाळ्या पडल्या. मी खूश.

दुसऱ्या दिवसापासून पोरं मोकळ्या नाकाने शाळेत. मी चिडलो. संस्थेच्या अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं, 'फुकटच्या वस्तूची पालकांना किंमत नाही.' वाक्य इतकं आवडलं की पाठवण्याआधी दोनदा वाचलं.

दुसरीतल्या एका मुलीची मात्र धास्ती होती. तिचा डावा डोळा कमजोर. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हिने आत्ताच, दिवसभर चष्मा घातला पाहिजे. नाहीतर तो डोळा बघायचं शिकणारच नाही, आणि मोठेपणी चष्मा लावूनही फारसा उपयोग होणार नाही."

म्हणून तिच्या घरी गेलो, चांगलं झापायच्या तयारीने. आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"चष्मा कुठंय?"

"हाय ना, गुरुजी." तिने आतून पत्र्याची पेटी आणली. कुलूप काढलं. सातबारा, रेशनकार्ड, पोरीचे पैंजण, आणि मधोमध फडक्यात गुंडाळलेला चष्मा.

"अहो, हा पेटीत कशाला?"

"तुमीच म्हणालात ना, जिवापाड जपा? शाळंत पोरं ढकलाढकली करतात. गणपतीत घालू म्हटलं."

मी झापलं नाही. उरलेल्या आठ घरांत फिरलो. कुठे तांदळाच्या डब्यात, कुठे देवाच्या फळीवर. सगळे चष्मे नवेकोरे.

संस्थेला फोन केला. जादा चष्मे द्या, म्हणजे फुटायची भीती जाईल. पलीकडचा साहेब म्हणाला, "सर, वर्षाला एकच. आणि फुकटची किंमत नसते, हे तुम्हीच लिहिलंय."

मग मात्र डोकं फिरलं, थोडं त्याच्यावर, बरंचसं स्वतःवर. टेंपो ठरवला आणि ती पेटी घेऊन खोपोलीला त्यांच्या कचेरीत निघालो. सातबारा माझ्या भरवशावर सोडायला त्या मुलीची आई तयार नव्हती, म्हणून तीही आली.

साहेबाच्या टेबलावर पेटी उघडली. "ही बघा किंमत."

"पण तुमचा अहवाल पुढे गेलाय."

"दुसरा कागद द्या. पहिला लिहिणारा गाढव होता, असं लिहून सही करतो."

"सर, नियम आहे."

"तुमच्या पोराचा चष्मा फुटला तर तुम्ही त्याला वर्षभर थांबवता? आमच्या पोरांनी लंगडी खेळायची नाही? पोराचा चष्मा फुटणारच. फुटत नाही तो पेटीत असतो! आज नाही म्हणालात तर उद्या नऊ पेट्या आणीन आणि इथेच बसेन."

"आनि मी बी," आई म्हणाली. तिने पदर खोचला आणि खुर्चीत बसली सुद्धा.

साहेबाने पेटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. संध्याकाळी निघालो तेव्हा मंजुरीचा कागद हातात होता. जादा चष्मे शाळेच्या कपाटात राहणार होते.

पालकांना पुन्हा बोलावलं. भाषण एका ओळीचं. "घाला, खेळा, फुटला तर फुटू द्या." पोरांनी घातले. पहिला चष्मा आठवड्यात फुटला. त्या मुलीने तोंड धुताना माझ्या खुर्चीवर ठेवला होता आणि मी त्यावर बसलो.

कपाटातला दुसरा काढून तिच्या नाकावर चढवला. ती फळ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"गुरुजी, ह्याच्यातून बी तसंच दिसतंय."

उशीर झाला की काय? "कसं दिसतंय गं?"

"येडंवाकडं. आदी वाटलं माझा डोळा खराब. मंग वाटलं चष्मा खराब. पन भिंतीवरचा तक्ता तर सरळ दिसतोय. तुमचं अक्षरच घान हाय."